घरातला रेडॉन कसा मोजायचा? पहिल्यांदा चाचणी करणाऱ्यांसाठी

रेडॉन हा जमिनीतून घरात शिरणारा किरणोत्सारी वायू, आणि वर्षानुवर्षं श्वासात गेला तर त्याने फुफ्फुसाचा कर्करोग होऊ शकतो. त्याच्याबद्दल कुणाला पहिल्यांदा सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: ‘आमच्या घरात असेल का हो?’ आहे. तुमच्याकडे आहे, माझ्याकडे आहे, बाहेर मोकळ्या हवेतही थोडा आहेच. खरा प्रश्न तो किती आहे हा. या ‘किती’चा अंदाज भल्याभल्यांना बांधता येत नाही. या वायूला वास नाही, रंग नाही, चव नाही. घर जुनं की नवं, हवेशीर की कोंदट, पायाखाली खडक की माती, यावरून तर्क लढवता येतो. पण तर्काची आणि मोजलेल्या आकड्याची गाठ पडेलच असं नाही. म्हणून हा लेख मोजण्याबद्दल आहे. उपकरण कुठलं घ्यायचं, कुठे ठेवायचं, किती दिवस ठेवायचं, आलेला आकडा कसा वाचायचा आणि तो जास्त निघाला तर काय करायचं, हे क्रमाने सांगतो. घाईत असाल तर उपकरण कुठे ठेवायचं तो भाग तरी नीट वाचा. बऱ्याच चाचण्या तिथेच बिघडतात.

आधी थोडं समजून घ्या: हा वायू घरात शिरतो कसा

जवळजवळ प्रत्येक खडकात आणि मातीत थोडंफार युरेनियम असतं. ते अब्जावधी वर्षांच्या संथ गतीने विघटित होत जातं. त्या साखळीत पुढे रेडियम येतं आणि रेडियमपासून रेडॉन तयार होतो. या साखळीतले आधीचे सगळे दुवे घन आहेत, जिथे जन्मले तिथेच मातीत अडकून पडतात. रेडॉन मात्र वायू आहे, त्यामुळे मातीच्या कणांमधल्या फटींतून तो हलू शकतो. त्याचं अर्धायुष्य ३.८ दिवसांचं, म्हणजे तेवढ्या काळात त्यातला निम्मा संपतो. जमिनीतून वर येऊन घरात पोहोचायला एवढा वेळ पुरतो.

बाहेर आला तर तो वाऱ्याबरोबर पांगतो आणि हवेत नगण्य उरतो. वर घर असेल तर गोष्ट वेगळी. घरातली उबदार हवा वर चढते आणि वरच्या फटींतून, खिडक्यांतून बाहेर जाते. तिची जागा भरायला खालून हवा ओढली जाते. तळमजल्यावर किंवा तळघरात हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा किंचित कमी राहतो. हा फरक आपल्याला जाणवणारही नाही इतका थोडा असतो, पण जमिनीतली हवा आत खेचायला तेवढा पुरतो. वाटा असतात त्या या: फरशी आणि भिंत जिथे मिळतात तो सांधा, काँक्रीटला गेलेल्या भेगा, नळाच्या आणि ड्रेनेजच्या पाइपांभोवती राहिलेली जागा, तळघरातलं पाणी उपसण्यासाठी केलेला खड्डा, पोकळ ठोकळ्यांच्या भिंती. जमिनीखाली एखादी खोली असेल आणि तिची माती उघडीच असेल तर मग वाट शोधायचीही गरज नाही.

विहिरीच्या किंवा बोअरच्या पाण्यातूनही थोडा रेडॉन येतो. शॉवर घेताना, भांडी धुताना तो पाण्यातून सुटून हवेत मिसळतो. काही दगड आणि बांधकामाचं साहित्य यांतूनही येतो. पण मोठा वाटा जमिनीचाच असतो, तेव्हा लक्ष तिकडे ठेवा.

धोका नेमका कसला

रेडॉन स्वतः रासायनिकदृष्ट्या निष्क्रिय वायू आहे, म्हणजे शरीरातल्या कशाशी तो संयोग पावत नाही. श्वासाबरोबर आत गेला तर बहुतेक तसाच बाहेरही येतो. घोळ होतो तो त्याच्यापासून तयार होणाऱ्या पुढच्या मूलद्रव्यांमुळे. रेडॉन फुटला की पोलोनियम-२१८ तयार होतं, आणि तिथून काही टप्प्यांनी पोलोनियम-२१४. ही मूलद्रव्यं घन आहेत. हवेतल्या धुळीच्या बारीक कणांना ती चिकटतात, श्वासातून आत जातात आणि श्वासनलिकांच्या आतल्या अस्तरावर बसून राहतात. त्यांचं आयुष्य अगदी थोडं असतं. पोलोनियम-२१८ चं अर्धायुष्य जेमतेम ३ मिनिटं, त्यामुळे शरीराने ते बाहेर टाकायच्या आत तिथल्या तिथेच ते फुटतं आणि अल्फा कण नावाचा जड, वेगवान कण सोडतं.

अल्फा कण साध्या कागदानेही अडतो. पेशींत तो मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतकाही खोल जात नाही. अंगावर पडला तर त्वचेचा वरचा मृत थर त्याला थोपवतो. श्वासनलिकेच्या अस्तराला असा थर नाही. त्यामुळे तो सगळा जोर थेट जिवंत पेशींवर ओततो आणि त्यांच्या डीएनएचे धागे तुटतात. बहुतेक वेळा पेशी ते सांधते किंवा मरून जाते. एखादी चुकीची सांधली जाऊन तगते, आणि वर्षानुवर्षं हे चालू राहिलं की त्यातून फुफ्फुसाचा कर्करोग उद्भवू शकतो.

हे ज्ञान खाणकामगारांच्या छात्यांतून आलं आहे. जर्मनीतल्या श्नेबर्ग भागात खाणीत काम करणारी माणसं फुफ्फुसाच्या रोगाने अकाली जात, हे शतकानुशतकं माहीत होतं. तो रोग कर्करोगाचा प्रकार आहे हे १८७९ मध्ये दोन डॉक्टरांनी नोंदवलं. पुढे युरेनियमच्या खाणींमधल्या कामगारांच्या अभ्यासांतून दुवा पक्का झाला, आणि १९८८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने रेडॉनला माणसात कर्करोग निर्माण करणारा म्हणून पहिल्या गटात टाकलं. खाण आणि घर यांत फरक आहे, असं म्हणणारे तेव्हाही होते. युरोपातल्या १३ अभ्यासांची माहिती एकत्र करून २००५ मध्ये जे निष्कर्ष आले त्यांनी ती शंका मिटवली: घरातल्या दीर्घकालीन सरासरीत दर १०० बेकरेल प्रति घनमीटर (हे एकक पायरी १ मध्ये समजावलं आहे) वाढीमागे फुफ्फुसाच्या कर्करोगाचा धोका साधारण १६ टक्क्यांनी वाढतो.

हे १६ टक्के नीट समजून घ्या, कारण इथे बरेच जण एक तर घाबरतात नाही तर दुर्लक्ष करतात. ही वाढ तुमच्या मूळ धोक्यावर होते. कधीच धूम्रपान न केलेल्या माणसाचा मूळ धोका लहान, म्हणून त्यावरची वाढही लहान. सिगारेट ओढणाऱ्याचा मूळ धोकाच प्रचंड, म्हणून तेवढीच टक्केवारी त्याच्या बाबतीत भयंकर ठरते. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेचा हिशोब बोलका आहे. त्यांच्या मर्यादेइतका (१४८ बेकरेल प्रति घनमीटर) रेडॉन असलेल्या घरात आयुष्य काढणाऱ्या १,००० धूम्रपान करणाऱ्यांपैकी सुमारे ६२ जणांना फुफ्फुसाचा कर्करोग होऊ शकतो. कधीही धूम्रपान न केलेल्या १,००० मध्ये सुमारे ७ जणांना. त्याच संस्थेच्या अंदाजाने अमेरिकेत दरवर्षी साधारण २१,००० मृत्यू रेडॉनमुळे होतात. जगभरात देशादेशांनुसार फुफ्फुसाच्या कर्करोगाच्या ३ ते १४ टक्के रुग्णांमागे रेडॉन असतो, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.

घरात कुणी सिगारेट ओढत असेल तर रेडॉनची चाचणी कराच, पण त्याहून आधी सिगारेट सोडण्यासाठी मदत घ्या. दोन्ही धोके एकमेकांना खतपाणी घालतात.

आणखी एक. रेडॉनमुळे डोकं दुखत नाही, चक्कर येत नाही, खोकला लागत नाही, डोळे चुरचुरत नाहीत. ‘आम्हाला काहीच त्रास नाही’ हा घरात रेडॉन कमी असल्याचा पुरावा होत नाही. उलट सतत डोकं दुखत असेल तर रेडॉनच्या मागे न लागता कार्बन मोनॉक्साइड किंवा दुसरं कारण शोधा, आणि लगेच शोधा. किती रेडॉन शरीरात गेला हे सांगणारी रोजच्या वापरातली रक्ततपासणीही नाही. तपासायचं ते घर.

पायरी १: आकड्यांची भाषा शिकून घ्या

मोजमापाचं एकक आहे बेकरेल प्रति घनमीटर. एक मीटर लांब, एक मीटर रुंद, एक मीटर उंच अशी हवेची पेटी डोळ्यांसमोर आणा. त्या पेटीत दर सेकंदाला रेडॉनचा एक अणू फुटत असेल तर तो एक बेकरेल प्रति घनमीटर. शंभर फुटत असतील तर शंभर. अमेरिकी उपकरणांवर पिकोक्युरी प्रति लिटर हे एकक दिसेल. त्याला ३७ ने गुणलं की बेकरेलमध्ये आकडा मिळतो. उपकरण घेतल्या घेतल्या ते कुठल्या एककात दाखवतं हे पाहा. पिकोक्युरीतला ४ आणि बेकरेलमधला ४ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

मर्यादा देशोदेशी वेगळ्या आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये १०० ही संदर्भपातळी सुचवली, आणि जिथे ते शक्यच नाही तिथेही ३०० च्या वर जाऊ नका असं सांगितलं. अमेरिकेत ४ पिकोक्युरी, म्हणजे १४८ बेकरेलला दुरुस्ती करायला सांगतात आणि २ ते ४ च्या मध्ये असेल तरी विचार करा म्हणतात. कॅनडा आणि ब्रिटनमध्ये कृतीची पातळी २००. युरोपीय संघाच्या नियमानुसार सदस्य देशांची संदर्भपातळी ३०० च्या वर नसावी. एकाच वायूसाठी इतके वेगळे आकडे का? कारण यांपैकी कुठलाही आकडा ‘इथपर्यंत सुरक्षित, इथून पुढे धोका’ अशी रेघ नाही. धोका खालपासूनच हळूहळू चढत जातो. कुठे पैसा आणि श्रम खर्च करायचे याचा तो व्यवहारी निर्णय आहे. मी स्वतः १०० हा आकडा धरून चालतो.

पायरी २: उपकरण निवडा

मुख्यतः तीन प्रकार घरच्या वापरात आहेत.

कोळशाची डबी. चपटा डबा, आत सक्रिय कोळसा. झाकण काढून २ ते ७ दिवस ठेवायची, मग घट्ट बंद करून लॅबकडे पाठवायची. कोळसा हवेतला रेडॉन शोषतो आणि लॅबमध्ये तो मोजला जातो. स्वस्त आणि झटपट. पण ओल्या, दमट हवेत कोळशाची शोषण्याची ताकद कमी होते, आणि शेवटच्या दिवसांतल्या हवेचा ठसा त्यावर जास्त उमटतो.

अल्फा ट्रॅक डिटेक्टर. काडेपेटीएवढी किंवा त्याहून लहान प्लास्टिकची डबी, तिच्या आत खास प्लास्टिकचा छोटा तुकडा. अल्फा कण त्यावर आदळला की डोळ्यांना न दिसणारा ओरखडा पडतो. लॅबमध्ये तो तुकडा रसायनात बुडवून ओरखडे मोठे करतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली मोजतात. ही डबी ३ महिने ते वर्षभर ठेवायची. वीज लागत नाही, आवाज नाही, विसरून गेलात तरी ती आपलं काम करत राहते.

डिजिटल मॉनिटर. पडद्यावर आकडा दाखवणारं यंत्र. पहिल्या २४ तासांच्या आकड्याकडे लक्षच देऊ नका, त्याला स्थिरावू द्या. पुढे त्याचा मोठा फायदा असा की घराचा स्वभाव कळतो. रात्री दारं-खिडक्या बंद झाल्या की आकडा हळूहळू चढायला लागतो, पहाटे तो संध्याकाळच्या दुप्पट-तिप्पट झालेला दिसू शकतो आणि सकाळी खिडकी उघडली की तासाभरात घसरतो. हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की एका दिवसाच्या मोजणीवर निकाल देणं किती चुकीचं आहे हे कुणी समजावून सांगावं लागत नाही. यंत्र वर्षानुवर्षं वापरायचं असेल तर त्याचं अंशांकन, म्हणजे ते आकडा बरोबर दाखवतं का हे, तपासून घ्यायची सोय आहे का, हे विकत घेण्याआधी विचारा.

नव्याने सुरुवात करणाऱ्याला मी अल्फा ट्रॅकच सुचवेन. आपल्याला हवी असते ती दीर्घकालीन सरासरी, कारण धोका तिच्याशी बांधलेला आहे, आणि ती सरासरी ही डबी सरळ हातात देते. घर विकायचं-घ्यायचं आहे आणि आठवड्यात उत्तर हवं आहे, अशी वेळ असेल तरच कोळशाकडे वळा. डिजिटल यंत्र परवडत असेल तर जोडीला जरूर ठेवा. कुठलंही घ्या, पण ते मान्यताप्राप्त लॅबचं आहे याची खात्री करा आणि पाकिटावरची मुदत संपलेली नाही ना, ते बघा.

पायरी ३: जागा ठरवा

सगळ्यात खालचा, पण माणसं खरोखर वापरतात तो मजला निवडा. तळघरात कुणी झोपत असेल, अभ्यास करत असेल, व्यायाम करत असेल तर तळघर. तिथे फक्त जुनं सामान पडलं असेल तर त्याच्या वरचा मजला. खोली बसायची किंवा झोपायची घ्या. झोपायची खोली मला जास्त पटते, कारण आयुष्यातले सलग तास आपण तिथेच घालवतो आणि तेही खिडक्या बंद करून.

स्वयंपाकघर नको. वाफ, उष्णता, चिमणीचा पंखा यांनी मोजणी बिघडते. बाथरूम नको, ओलाव्यामुळे.

मग खोलीतली नेमकी जागा. जमिनीपासून किमान ५० सेंटिमीटर उंच, आणि फार तर डोक्याच्या उंचीपर्यंत: म्हणजे आपण जिथली हवा श्वासात घेतो तो पट्टा. बाहेरच्या भिंतीपासून ३० सेंटिमीटर तरी लांब. खिडकी-दारापासून मीटरभर दूर. आजूबाजूच्या वस्तूंपासून वीतभर मोकळी, म्हणजे हवा सगळीकडून फिरेल. कपाटात, खणात, पडद्यामागे, पुस्तकांच्या फटीत ठेवू नका. ऊन थेट पडतं तिथे नको, हीटरवर नको, पंख्याच्या झोतात नको. जमिनीवर तर नकोच. तिथे फरशीच्या फटीतून येणारा झोत मोजला जाईल, खोलीची हवा नाही.

पलंगाशेजारचं लहान टेबल, दिवाणखान्यातलं उघडं शेल्फ, किंवा छतापासून दोऱ्याने टांगलेली डबी, या चांगल्या जागा. लहान मुलं किंवा मांजर असेल तर टांगणंच बरं. एकदा ठेवली की हलवू नका. घरात साफसफाई करणाऱ्या माणसालाही सांगून ठेवा. डबी टापटिपीच्या नादात खणात गेली आणि तीन महिने वाया गेले, असं सहज होतं.

बहुमजली इमारतीत राहत असाल तर जमिनीशी लागून असलेल्या मजल्यांवर चाचणी सर्वात महत्त्वाची. जसजसं वर जाल तसा जमिनीतून येणारा वाटा सहसा घटत जातो. तिसऱ्या मजल्याखालच्या घरांनी तरी चाचणी करावी, असा अमेरिकेतला सल्ला आहे.

पायरी ४: डबी उघडा आणि वेळ लिहा

अगदी क्षुल्लक वाटणारी ही पायरी आहे, पण हिच्यात मी स्वतः चुकलो आहे. पहिल्यांदा कोळशाची डबी वापरली तेव्हा मुदत संपल्यावर ती व्यवस्थित बंद केली आणि ‘उद्या पाठवू’ म्हणत टेबलावर ठेवून दिली. उद्याचे सात-आठ दिवस झाले. शेवटी लॅबने कळवलं की फार उशीर झाला, निकाल देता येणार नाही. कारण सरळ आहे. अर्धायुष्य ३.८ दिवसांचं. डबीत जो रेडॉन शोषला गेला होता त्यातला निम्मा चार दिवसांत संपला, आठ दिवसांत पाव उरला, आणि अशा उरलेल्या अंशावरून मूळ आकडा काढणं भरवशाचं राहत नाही. तेव्हा कोळशाची डबी बंद केली त्याच दिवशी रवाना करा. चाचणी सुरू करतानाच असा दिवस निवडा की ती संपेल तेव्हा पार्सल पाठवता येईल. सुट्ट्यांच्या तोंडावर सुरू करू नका.

सोबतच्या फॉर्मवर सुरू केल्याची तारीख आणि वेळ लिहा, बंद केल्याची तारीख आणि वेळ लिहा. तासासकट. डबीवरचा क्रमांक फॉर्मवरच्या क्रमांकाशी जुळतो का ते पाहा. जागेवर ठेवलेल्या डबीचा मोबाइलने एक फोटो काढून ठेवा: तारीख, वेळ, जागा, क्रमांक सगळं एकाच चित्रात राहतं.

चार दिवसांपेक्षा कमी काळाच्या चाचणीला एक पथ्य आहे. चाचणीच्या १२ तास आधीपासून आणि चाचणी संपेपर्यंत खिडक्या आणि बाहेरची दारं बंद ठेवायची. येण्याजाण्यापुरतं दार उघडलं तर चालतं. बाहेरची हवा आत आणणारे पंखे बंद. आतलीच हवा फिरवणारा एसी चालतो. सोसाट्याचा वारा किंवा वादळाचा अंदाज असेल तर चाचणी पुढे ढकला, कारण वाऱ्याने घरातला दाब वरखाली होतो आणि आकडा भरकटतो.

तीन महिन्यांच्या किंवा वर्षभराच्या चाचणीला असलं काही नको. नेहमीसारखे राहा. खिडक्या रोज उघडत असाल तर उघडा. तुम्ही खरोखर जशी हवा श्वासात घेता तिचीच सरासरी हवी आहे. त्यातही तीन महिनेच ठेवणार असाल तर ज्या ऋतूत घर जास्तीत जास्त बंद असतं तो निवडा. वर्षातला जास्तीचा आकडा तेव्हा मिळतो.

पायरी ५: निकाल वाचा

आकडा हातात आला की पहिली गोष्ट: एका छोट्या चाचणीवर काहीही ठरवू नका. ना निश्चिंत होऊ नका, ना फरशी फोडायला घेऊ नका. दिवसागणिक, ऋतूगणिक रेडॉन खूप बदलतो, आणि उपकरणांतही थोडीफार चूक असतेच. १४० आणि १६० यांत खरा फरक आहे असं समजू नका.

लघु चाचणीत १०० च्या खाली आलं, तर पुढच्या बंद घराच्या ऋतूत दीर्घ चाचणी करून खात्री करा. १०० ते ३०० च्या दरम्यान आलं, तर आत्ताच दीर्घ चाचणी लावा. तीन महिने थांबल्याने बिघडत नाही, कारण हा धोका वर्षांच्या हिशोबाने साठतो. ३०० च्या वर गेलं, तर त्याच जागी लगेच दुसरी लघु चाचणी करा. दोन्हींची सरासरी वरच राहिली तर दुरुस्तीच्या तयारीला लागा. हजाराच्या पुढे आकडा आला तर दुसरी चाचणी चालू असतानाच खालच्या खोलीतलं झोपणं वरच्या मजल्यावर हलवा.

शेजाऱ्याचा आकडा कितीही कमी असो, तो तुमचा नव्हे. पायाखालची एक भेग, मातीतला एक सच्छिद्र पट्टा, एका पाइपाभोवतीची फट एवढ्यानेही दोन लागून असलेल्या घरांत मोठा फरक पडतो. नवं, घट्ट, नेटकं बांधलेलं घरही सुटत नाही.

आकडा किती वर जाऊ शकतो याचं गाजलेलं उदाहरण १९८४ चं. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या लिमरिक अणुवीज प्रकल्पात स्टॅनली वॉट्रस नावाचे इंजिनियर काम करत होते. किरणोत्सार पकडणारं यंत्र त्यांच्यावर वाजायला लागलं, आणि वीजनिर्मिती तर अजून सुरूही झाली नव्हती. शोध घेतला तेव्हा कळलं की किरणोत्सार ते घरून घेऊन येत होते. त्यांच्या घरात सुमारे २,७०० पिकोक्युरी प्रति लिटर, म्हणजे जवळजवळ एक लाख बेकरेल प्रति घनमीटर रेडॉन होता. कुटुंबाला घर सोडावं लागलं. पण या गोष्टीचा पुढचा भाग फार कमी लोक सांगतात: घराची दुरुस्ती झाली, आकडा खाली आला, आणि तेच कुटुंब त्याच घरात परत राहायला गेलं. एक लाखाचं घर राहण्याजोगं होऊ शकतं तर तुमच्या चारशेला घाबरून घर विकायची गरज नाही.

पायरी ६: आकडा जास्त असेल तर

खिडक्या उघडल्या की रेडॉन कमी होतो, बंद केल्या की काही तासांत परत येतो. तात्पुरता उपाय म्हणून ठीक. भेगा बुजवणं चांगलंच, पण एकट्या त्याच्यावर भिस्त ठेवू नका. वायूला केसाएवढी फट पुरते आणि घर दरवर्षी नवी फट देतं. हवा शुद्ध करणारी यंत्रं धुळीचे कण पकडतात, रेडॉन पकडत नाहीत. त्यांच्या जाहिरातीवर विसंबू नका.

टिकाऊ इलाज आहे फरशीखालची हवाच बाहेर खेचून घेण्याचा. काँक्रीटमधून एक भोक पाडतात, खालची थोडी माती काढून पोकळी करतात, त्यात पाइप बसवतात. पाइप घरातून किंवा बाहेरून वर छपराच्या वर नेतात आणि त्यावर सतत चालणारा पंखा लावतात. घराखाली दाब घरातल्यापेक्षा कमी होतो. मग वायू घराकडे वळायच्या ऐवजी पाइपाकडे वळतो आणि छपरावरून मोकळ्या हवेत पांगतो. नीट बसवली तर या यंत्रणेने रेडॉन ९९ टक्क्यांपर्यंत कमी करता येतो. घराखालची माती उघडी असेल तर तिच्यावर जाड प्लास्टिकचा पडदा घट्ट अंथरून त्याच्याखालून हवा खेचतात.

काम करून घेताना या गोष्टी स्वतः बघा. पंखा राहत्या खोलीत किंवा तळघरात नको; तो माळ्यावर किंवा घराबाहेर हवा, नाही तर पुढचा एखादा सांधा गळला की तो सगळा रेडॉन घरातच सोडेल. पाइपाचं तोंड छपराच्या वर आणि खिडक्यांपासून लांब हवं. पाइपावर इंग्रजी यू अक्षराच्या आकाराची, रंगीत पाणी असलेली काचेची किंवा प्लास्टिकची नळी बसवून घ्या. दोन्ही बाजूंना पाणी वेगवेगळ्या उंचीवर असेल तर पंखा ओढतो आहे. एका पातळीत आलं तर पंखा बंद पडला. येता-जाता तिच्याकडे नजर टाकायची सवय घरातल्या सगळ्यांना लावा.

घरात गॅसचा गीझर, बंब किंवा शेकोटी असेल तर हे विसरू नका: घरातली हवा जोराने बाहेर ओढली गेली तर धुराड्यातून वर जाणारा धूर उलटा आत येऊ शकतो. काम झाल्यावर ही तपासणी करून घ्या आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावा.

विहिरीचं किंवा बोअरचं पाणी वापरत असाल आणि हवेतला आकडा जास्त असेल तर पाण्याचीही चाचणी करा. पाण्यात हवा खेळवून रेडॉन बाहेर काढण्याची यंत्रणा घरात पाणी शिरतं तिथेच बसवतात, नळाच्या तोंडाशी बसवून भागत नाही. कारण शॉवरमधून सुटणारा वायू नळाच्या फिल्टरला भेटतच नाही.

घर अजून बांधायचं असेल तर तुम्ही नशीबवान. काँक्रीट ओतण्याआधी खाली खडीचा थर, त्यावर प्लास्टिकचा पडदा आणि छपरापर्यंत एक पाइप एवढं करून ठेवायला सांगा. पुढे गरज पडली तर फक्त पंखा जोडावा लागतो.

पायरी ७: परत मोजा

पंखा सुरू करून २४ तास उलटले की चाचणी लावा, आणि ती पहिल्या महिन्याभरातच उरका. शक्यतो ज्याने यंत्रणा बसवली त्याच्याकडून नको. स्वतः करा किंवा दुसऱ्या कुणाकडून करून घ्या. पहिल्यांदा डबी जिथे ठेवली होती तिथेच आताही ठेवा, म्हणजे दोन आकड्यांची तुलना खरी होईल. फोटो काढला होता तो इथे कामाला येतो.

पुढे दर दोन वर्षांनी एक चाचणी. याशिवाय फरशी किंवा पाया यांत काही फोडाफोड झाली, तळघराची राहती खोली केली, खिडक्या बदलून घर आणखी घट्ट केलं, नवी एसी यंत्रणा बसवली, तर दोन वर्षांची वाट न पाहता मोजा. दुरुस्तीची गरजच न पडलेल्या घरालाही हेच लागू. प्रत्येक निकालाचा कागद, डबीचा क्रमांक आणि जागेचा फोटो घराच्या कागदपत्रांच्याच फाइलमध्ये लावा, आणि पुढच्या चाचणीची तारीख फाइलच्या वरच लिहून ठेवा.